पेशीबाहेर सांडलेले हिस्टोन आणि मूत्रपिंडाची इजा: प्रयोग कसा लावावा, कुठे फसतो

हिस्टोन प्रथिनांची जागा केंद्रकात. एच२ए, एच२बी, एच३ आणि एच४ यांच्या प्रत्येकी दोन प्रती मिळून एक गाभा बनतो, त्याभोवती डीएनएच्या १४७ बेस जोड्यांचा वेढा बसतो आणि एच१ बाहेरून तो वेढा धरून ठेवते. डीएनए ऋणभारित असतो, म्हणून त्याला धरणारे हिस्टोन लायसिन आणि आर्जिनिनने खच्चून भरलेले, म्हणजे जोरदार धनभारित असते. पेशी फुटली की हा धनभार बाहेर सांडतो. शेजारच्या पेशीचे पटल बाहेरून ऋणभारितच असते, त्यामुळे हिस्टोन त्यावर जाऊन बसते, पटल फाटते, कॅल्शियम आत घुसते आणि ती पेशीही मरते. मग तिचे हिस्टोन बाहेर येते.

न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी डीएनए आणि हिस्टोनची जाळी बाहेर फेकतात, हे २००४ मध्ये बर्लिनच्या गटाने दाखवले. सेप्सिसमध्ये जीव घेणाऱ्या घटकांत पेशीबाहेरचे हिस्टोन प्रमुख आहे, हे २००९ मध्ये एस्मन यांच्या गटाने मांडले. मूत्रपिंडाच्या मरणाऱ्या नलिका-पेशींतून सुटलेले हिस्टोन टीएलआर२ आणि टीएलआर४ या धोका ओळखणाऱ्या ग्राहींमार्फत इजा वाढवते, हे म्युनिकच्या गटाने २०१२ मध्ये दाखवले. म्हणजे इजेचे मार्ग किमान दोन: पटल थेट फाटणे, आणि ग्राहींमार्फत दाह पेटणे. पहिला मिनिटांत दिसतो, दुसऱ्याला काही तास लागतात. प्रयोग मांडताना या दोघांची गल्लत झाली तर पुढचे सगळे आकडे दिशाभूल करतात.

खालची पद्धत मूत्रपिंडाच्या नलिका-पेशींवर हिस्टोनचा परिणाम मोजण्यासाठी आहे. पद्धत सोपी दिसते: प्रथिन विरघळवा, पेशींवर घाला, किती मेल्या ते मोजा. पण हिस्टोन प्लॅस्टिकला चिकटते, सीरमला (गोठलेल्या रक्तातून सुटणारा द्रव) चिकटते, हेपरिन या रक्त गोठू न देणाऱ्या ऋणभारित औषधाला चिकटते, डीएनएला तर चिकटतेच. बाटलीवर लिहिलेली मात्रा पेशीपर्यंत पोचतेच असे नाही, आणि हा प्रयोग बिघडतो तो बहुतेक वेळा इथेच.

मात्रा म्हणजे नेमकी किती

आधी एक हिशोब करू. ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये एका वेलात साधारण २०,००० पेशी आणि १०० मायक्रोलिटर मीडियम (पेशींचे पोषक द्रावण). ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलि ही मात्रा दिली तर वेलात ५ मायक्रोग्रॅम हिस्टोन जाते. भागाकार केला की पेशीमागे २५० पिकोग्रॅम. माणसाच्या एका पेशीत सुमारे ६.५ पिकोग्रॅम डीएनए असतो, आणि हिस्टोनचे वजन जवळजवळ तेवढेच. म्हणजे आपण प्रत्येक पेशीवर जवळपास ३८ पेशींचे हिस्टोन ओतत असतो.

हे अवास्तव वाटते, पण दुसरी बाजूही पाहा. एका मेलेल्या पेशीचे ६.५ पिकोग्रॅम हिस्टोन १० पिकोलिटर जागेत मोकळे झाले, तर तिथली मात्रा ६५० मायक्रोग्रॅम प्रति मिलि होते. नलिकेत पेशीला पेशी लागून असते, मधली जागा फारच थोडी. अर्थात सगळे हिस्टोन मोकळे होत नाही, बरेचसे डीएनएला बांधलेलेच राहते, आणि बांधलेले हिस्टोन मोकळ्या हिस्टोनच्या मानाने फारच कमी विषारी असते. तरीही रक्तात मोजलेली मात्रा कमी आहे म्हणून ऊतीतही ती कमीच असणार, हा तर्क टिकत नाही. अहवालात मायक्रोग्रॅम प्रति मिलि तर लिहाच, सोबत वेलाचे क्षेत्रफळ, मीडियमचे आकारमान आणि पेशींची संख्याही लिहा. या तीन गोष्टी नसतील तर दुसऱ्या कुणालाही तुमचा प्रयोग परत करता येणार नाही.

स्टॉक (दाट साठा-द्रावण) तयार करणे

वासराच्या थायमसमधून काढलेले मिश्र हिस्टोन सर्वात सहज मिळते, आणि पहिल्या प्रयोगांना तेच योग्य. एकेक हिस्टोन वेगळे तपासायचे तर जनुकीय पद्धतीने बनवलेले एच३ किंवा एच४ घ्यावे लागते. ते बहुधा जिवाणूंत बनवलेले असते, म्हणून त्यात एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातला, टीएलआर४ ला चेतवणारा घटक) राहिले असण्याची शक्यता धरूनच चाला.

बाटली उघडण्याआधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. थंड पावडर हवेतले पाणी ओढते आणि वजन चुकते. पावडर निर्जंतुक पाण्यात ५ मिलिग्रॅम प्रति मिलि या प्रमाणात घाला. पीबीएस या क्षारयुक्त बफरमध्ये विरघळवू नका: क्षार आले की हिस्टोनचे कण एकत्र येऊ लागतात, आणि तयार झालेला गढूळपणा पुढे फिल्टरवर किंवा नळीच्या तळाशी बसतो. ४ अंशांवर अर्धा तास हलके फिरवा, व्होर्टेक्स करू नका. मग १०,००० जी वेगाने १० मिनिटे ४ अंशांवर फिरवून वरचे स्वच्छ द्रावण काढून घ्या.

आता मोजणी. पावडरमध्ये ओलावा आणि क्षार असतात, त्यामुळे वजनावरून मात्रा गृहीत धरणे चूक. २८० नॅनोमीटरवर प्रकाशाचे शोषण मोजणेही इथे कामाचे नाही, कारण गाभ्याच्या हिस्टोनमध्ये ट्रिप्टोफॅन नसते आणि वाचन फसवे खाली येते. ब्रॅडफर्ड या प्रथिनमोजणीतला रंग मुख्यतः आर्जिनिनला धरतो, म्हणून बीएसए या गाईच्या अल्ब्युमिनच्या प्रमाणरेषेशी हिस्टोनची तुलना तिरकी होते. बीसीए ही दुसरी प्रथिनमोजणीची पद्धत त्यातल्या त्यात विश्वासाची. सोबत २६० नॅनोमीटरचे वाचनही घ्या. ते ठळक दिसले तर प्रथिनासोबत डीएनए आला आहे, आणि तो डीएनए तुमच्या हिस्टोनचा विषारीपणा आधीच झाकून बसला आहे.

प्रत्येक नव्या लॉटचे (उत्पादकाच्या खेपेचे) २ मायक्रोग्रॅम १५ टक्के एसडीएस जेलवर चालवा, त्यात प्रथिने आकारानुसार वेगळी होतात. गाभ्याची हिस्टोन १० ते १७ किलोडाल्टनच्या दरम्यान स्वच्छ पट्टे देतात. एच१ खरे तर २१ किलोडाल्टनच्या आसपासचे, पण जेलवर ते ३० च्या वर दिसते. तो पट्टा पाहून भेसळ समजू नका. १० च्या खाली धूसर पसारा दिसला तर प्रथिन तुटले आहे, तो लॉट बाजूला ठेवा.

फिल्टर लागलाच तर कमी प्रथिन धरणारा ०.२२ मायक्रॉनचा घ्या आणि फिल्टरनंतर मात्रा पुन्हा मोजा. या एका पायरीत प्रथिन किती गळते हे बघितले की फिल्टरआधीच्या आकड्यावर कुणी विसंबणार नाही. द्रावण ५० ते १०० मायक्रोलिटरचे भाग करून कमी चिकटणाऱ्या नळ्यांत उणे ८० अंशांवर ठेवा. नळी एकदाच वितळवायची, उरलेले टाकून द्यायचे.

पेशी आणि मीडियम

माणसाच्या मूत्रपिंडातल्या सुरुवातीच्या (प्रॉक्सिमल) नलिकेपासून बनवलेली एचके-२ ही पेशीरेषा बहुतेक ठिकाणी वापरतात. ती एचपीव्ही १६ या विषाणूच्या ई६ आणि ई७ जनुकांनी अमर केलेली आहे, आणि ई६ पी५३ या पेशीमृत्यू घडवणाऱ्या प्रथिनाला मोडून काढते. त्यामुळे या पेशींत अॅपोप्टोसिस (पेशीचा नियोजित मृत्यू) कमी दिसला, तर हिस्टोन अॅपोप्टोसिस घडवत नाही असा निष्कर्ष काढू नका. पटल फाटण्याच्या मोजणीला या पेशी चालतात. मृत्यूचा प्रकार ठरवायचा असेल तर प्राथमिक नलिका-पेशींवर तपासणी पुन्हा करणे भाग आहे.

पेशी २० व्या पॅसेजच्या (नव्या भांड्यात वाढवण्याच्या फेरीच्या) आत वापरा. वेलामागे २०,००० पेशी पेरा, कडेच्या वेलांत फक्त पीबीएस भरा आणि २४ ते ३६ तास वाढू द्या, म्हणजे तळ ९० टक्के भरतो. घाई करू नये याला दोन कारणे. ट्रिप्सिनने पेशी सोडवताना त्यांच्या पृष्ठभागावरचे साखरेचे आवरणही कापले जाते, ते परत यायला वेळ लागतो, आणि हिस्टोन आधी त्यालाच धरते. शिवाय पेशींमधला उघडा तळ हिस्टोन शोषून घेतो. अर्धवट भरलेल्या वेलात आणि पूर्ण भरलेल्या वेलात मात्रा सारखी दिली तरी पेशीला मिळणारी सारखी नसते.

मीडियमची यादी डोळ्यांखालून घाला, प्रत्येक घटक वाचा. सीरममधले अल्ब्युमिन, सीआरपी आणि इतर प्रथिने हिस्टोनला धरून ठेवतात. १० टक्के सीरममध्ये जी मात्रा पेशींना काहीच करत नाही, तीच सीरमविना सगळ्या पेशी संपवू शकते. रक्तवाहिनीच्या अस्तरपेशींवर काम करणाऱ्यांसाठी तर एक खास सापळा आहे: त्यांच्या तयार मीडियममध्ये बरेचदा हेपरिन घातलेले असते, आणि हेपरिन हिस्टोनचा भार पूर्ण झाकते. निकाल शून्य येतो आणि लोक हिस्टोनचा लॉट बदलत बसतात. बेसमेंट मेम्ब्रेनच्या जेलवर पेशी वाढवल्या असतील तर तिथेही हेपरान सल्फेट असते, त्याचाही विचार करा.

मात्रा देणे

पेशी कोमट सीरमविरहित मीडियमने दोनदा धुवा आणि चार तास त्यातच ठेवा. रात्रभर उपाशी ठेवू नका, नुसत्या उपासाने मरणाऱ्या पेशी कंट्रोलचे वाचन वर नेतात.

मात्रा ०, ६.२५, १२.५, २५, ५० आणि १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलि. प्रत्येक मात्रा स्टॉकमधून थेट बनवा. एकातून दुसरी करत गेलात तर दर पायरीला थोडे हिस्टोन टिपला आणि नळीला चिकटून राहते, आणि शेवटच्या मात्रा कागदावर असतात त्याहून बऱ्याच कमी निघतात. द्रावणे कमी चिकटणाऱ्या वेगळ्या प्लेटमध्ये तयार ठेवा, बनवल्यापासून दहा मिनिटांत वापरा, आणि जुने मीडियम काढून पूर्ण १०० मायक्रोलिटर एकदम बदला. दाट स्टॉकचा थेंब सरळ वेलात सोडणे ही सर्वात महागात पडणारी चूक. थेंबाखालच्या पेशींना क्षणभर कितीतरी पट मात्रा बसते, त्या तिथल्या तिथे फाटतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली वेलाच्या मधोमध मेलेला गोल डाग आणि कडेला ठणठणीत पेशी असे चित्र दिसते. मीडियम भिंतीवरून सावकाश सोडा.

१०० मायक्रोग्रॅमच्या वेलात स्टॉकमधले २ टक्के पाणी जाते. कंट्रोल वेलांतही तेवढेच निर्जंतुक पाणी घाला.

काय मोजायचे आणि केव्हा

पटल फाटते का हे पाहायला प्रोपिडियम आयोडाइड (फाटलेल्या पेशीतच शिरणारा लाल रंग) १ मायक्रोग्रॅम प्रति मिलि, सोबत सगळी केंद्रके मोजायला होक्स्ट हा रंग. १५, ३० आणि ६० मिनिटांनी चित्रे घ्या. इतक्या लवकर लाल झालेली केंद्रके थेट पटल फाटल्याची खूण आहेत, ग्राहींच्या मार्गाला एवढ्या वेळात पेशी मारता येत नाही.

एलडीएच, म्हणजे फाटलेल्या पेशीतून बाहेर पडणारे एन्झाइम, चार तासांनी. प्लेट २५० जी वर चार मिनिटे फिरवा, ५० मायक्रोलिटर वरचे द्रावण नव्या प्लेटमध्ये घ्या, तेवढेच अभिकर्मक घाला, अंधारात अर्धा तास ठेवा आणि ४९० नॅनोमीटरवर वाचा, संदर्भ ६८० वर. पूर्ण मृत्यूच्या वेलांत ४५ मिनिटे आधी ट्रायटन एक्स-१०० घाला, अंतिम प्रमाण १ टक्का. हिशोब असा: नमुन्यातून आपोआप सुटलेले वजा करा, त्याला पूर्ण मृत्यू वजा आपोआप सुटलेले याने भागा, १०० ने गुणा.

इथे दोन अडथळे आहेत. नेहमीच्या एलडीएच अभिक्रियेत लॅक्टेटपासून पायरुव्हेट बनते, आणि डीएमईएम/एफ१२ सारख्या मीडियममध्ये पायरुव्हेट आधीच असते. ते अभिक्रियेला मागे ढकलते, सगळी वाचने दबतात आणि मधल्या मात्रांचा फरक पुसला जातो. मात्रा देण्यासाठी पायरुव्हेट नसलेले मीडियम घ्या. दुसरा अडथळा खुद्द हिस्टोन: ते एन्झाइमला किंवा रंगाला त्रास देते का, हे एकदा तपासूनच घ्या. ट्रायटनने फोडलेल्या पेशींच्या द्रावणात हिस्टोन मिसळा आणि न मिसळलेल्याशी वाचन जुळते का पाहा. ही तपासणी अर्ध्या तासाची आहे, ती वगळण्याला काही कारण नाही.

एमटीटी ही रंगतपासणी २४ तासांनी, ५७० नॅनोमीटरवर. पण एमटीटी चयापचय मोजते, मृत्यू नव्हे, आणि सुटून वर तरंगणाऱ्या पेशी धुताना निघून जातात. एलडीएच आणि एमटीटी दोन्ही एकाच दिशेने बोलले तरच पुढे जा. दाहासाठी आयएल-६ आणि आयएल-८ या दाहाच्या संदेशक प्रथिनांचे आरएनए चार ते सहा तासांनी, पण ते मोजताना हिस्टोनची मात्रा अशी निवडा की एलडीएच कंट्रोलच्या जवळच राहील. अर्ध्या पेशी मेलेल्या वेलातून काढलेल्या आरएनएवरून दाहाबद्दल काही सांगता येत नाही.

मात्रेचा आलेख चढणीला फार उभा असतो. २५ वर जेमतेम काही, ५० वर निम्म्याहून जास्त, असे चित्र नेहमीचे आहे, आणि नेमकी जागा लॉटनुसार सरकते. म्हणून कुठल्याही शोधनिबंधातला आकडा उचलून काम सुरू करू नका. नवा लॉट आला की नवा आलेख, मगच पुढचे प्रयोग.

हे हिस्टोनमुळेच झाले, हे सिद्ध करणे

आमच्या मते सगळा कस इथे लागतो, आणि घाईही इथेच होते.

त्याच मात्रेचे बीएसए हा साधा कंट्रोल. पॉली-एल-लायसिन हा भाराचा कंट्रोल. ते स्वतः विषारी आहे, त्यामुळे तिथे पेशी मेल्या म्हणून प्रयोग फसला असे नाही. हिस्टोन आणि पॉली-एल-लायसिन या दोन्हींचा एलडीएच सारखाच आला तर तुमच्या मात्रेला दिसते आहे ते प्रामुख्याने भाराचे काम. टीएलआरची गोष्ट सांगायची असेल तर कमी मात्रेवर जा.

हेपरिनने इजा थांबली पाहिजे. हिस्टोनच्या वजनाइतके हेपरिन घेऊन सुरुवात करा, मग दुप्पट. दोन्ही मिसळून खोलीच्या तापमानाला १५ मिनिटे ठेवा आणि मग पेशींवर घाला. फक्त हेपरिनचा वेल विसरू नका. सक्रिय प्रोटीन सी हे रक्तातले एन्झाइम हिस्टोनला कापते. १०० नॅनोमोलर घेऊन आधी नळीत मुरवा आणि जेलवर हिस्टोनचे पट्टे खरोखर तुटलेले दिसतात का ते बघून मगच पेशींवर वापरा.

प्रतिपिंडाने रोखायचे तर मात्रेचा हिशोब करा. ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलि हिस्टोन, सरासरी १४ किलोडाल्टन धरले तर सुमारे ३.५ मायक्रोमोलर. आयजीजी, म्हणजे नेहमीचे प्रतिपिंड, १५० किलोडाल्टनचे, दोन हातांचे. सगळे हिस्टोन पकडायला साधारण २७० मायक्रोग्रॅम प्रति मिलि प्रतिपिंड लागेल, तेही प्रत्येक हात भरला तर. लोक १० किंवा २० मायक्रोग्रॅम घालतात आणि प्रतिपिंड चालत नाही म्हणतात. हिस्टोनची मात्रा आलेखाच्या खालच्या कडेला आणा, जिथे मृत्यू नुकता दिसू लागतो, आणि तिथे प्रतिपिंड तपासा. त्याच मात्रेचे असंबद्ध आयजीजी सोबत हवेच.

एंडोटॉक्सिनचा प्रश्न नलिका-पेशींत टाळता येत नाही, कारण त्यांच्यावरही टीएलआर४ असते. स्टॉकची एलएएल (एंडोटॉक्सिन मोजणारी) तपासणी करा. उकळून कंट्रोल बनवण्याची जुनी सवय इथे उपयोगाची नाही: हिस्टोन उष्णतेला चांगलेच टिकते, एंडोटॉक्सिनही टिकते, मग उकळून काहीच वेगळे होत नाही. त्याऐवजी हिस्टोन प्रोटीएझने पचवा, प्रोटीएझला रोधकाने थांबवा आणि उरलेले द्रावण पेशींवर घाला. आयएल-६ तरीही वाढले तर ते हिस्टोनचे काम नव्हे.

टीएके-२४२ सारखा टीएलआर४ रोधक १ मायक्रोमोलरने दाह कमी करेल, पण १०० मायक्रोग्रॅमच्या मात्रेपासून पेशी वाचवणार नाही. त्यात विसंगती काही नाही, कारण ते दोन वेगळे मार्ग आहेत.

निकाल बिघडला तर

१०० मायक्रोग्रॅमलाही पेशी मरत नाहीत: सीरम नीट धुतले गेले का, मीडियममध्ये हेपरिन आहे का, स्टॉक जेलवर शाबूत आहे का, २६० चे वाचन काय सांगते, या क्रमाने बघा. बहुतेक वेळा पहिल्या दोनांतच उत्तर मिळते.

६.२५ लाच सगळे मेले: मीडियमचा रंग बघा. हिस्टोन आम्लाने काढतात, आम्ल राहून गेले असेल तर मीडियममधला फिनॉल रेड हा रंग पिवळा पडतो आणि पेशी हिस्टोनने नव्हे तर आम्लाने मेलेल्या असतात. स्टॉक पाण्यावर डायलिसिस करून परत मोजा.

शेजारच्या वेलांत फार फरक: मात्रा देण्याची पद्धत, नाहीतर कडेचे वेल.

दोरे किंवा जाळीसारखे काही दिसते: पेशी नसलेल्या वेलातही दिसले तर हिस्टोन गोठले आहे. फक्त पेशींच्या वेलात दिसले तर तो मेलेल्या पेशींचा डीएनए आहे, हिस्टोनने धरलेला, आणि ते निरीक्षण नोंदवण्याजोगे आहे. अशा वेळी डीएनए कापणारे डीएनएझ घालून सगळे साफ होईल असे मानू नका. डीएनए गेला तरी हिस्टोन मागे चिकटून राहू शकते, उलट बांधलेले हिस्टोन मोकळेही होऊ शकते.

रक्तात आणि ऊतीत

रक्तातले हिस्टोन मोजायचे तर हेपरिनच्या नळीत रक्त घेऊ नका. सायट्रेट किंवा ईडीटीए घ्या. सीरमही टाळा, कारण गोठताना पांढऱ्या पेशी आपले हिस्टोन सोडतात. रक्त लवकरात लवकर फिरवा, प्लाझ्मा काढून पुन्हा एकदा फिरवा, मगच गोठवा. पेशीमृत्यू मोजणाऱ्या नेहमीच्या एलायझा किटमध्ये डीएनएला बांधलेले न्यूक्लिओसोम मोजले जातात, मोकळे हिस्टोन नव्हे, आणि विषारीपणा मोकळ्याचा जास्त. एच३ चा वेस्टर्न ब्लॉट कष्टाचा आहे, पण तुकडे झाले आहेत का हेही तोच सांगतो. ०.२ मायक्रॉनचे मेम्ब्रेन घ्या, ०.४५ च्या छिद्रांतून इतके लहान प्रथिन पार निघून जाते. प्रतिपिंड सी टोकाचे घ्या, कारण एन टोकाची शेपटी आधी कापली जाते.

ऊतीच्या छेदात केंद्रकाबाहेरचे एच३ शोधताना केंद्रकातले एच३ डोळे दिपवते, म्हणून एक्स्पोजर केंद्रकावर नव्हे, बाहेरच्या सौम्य चमकेवर बसवा आणि निरोगी ऊतीचा छेद त्याच एक्स्पोजरने घ्या. रक्तपुरवठा तुटून झालेल्या इजेत बाह्य मेड्युलाची बाहेरची पट्टी आधी बघा, तिथला एस३, म्हणजे प्रॉक्सिमल नलिकेचा शेवटचा भाग, सर्वात आधी मरतो. हिस्टोन न्यूट्रोफिलच्या जाळ्यातून आले की नलिका-पेशींतून, हे वेगळे करायला आर्जिनिनचे सिट्रुलिन झालेले एच३ आणि मायलोपेरॉक्सिडेझ हे न्यूट्रोफिलचे एन्झाइम सोबत रंगवा. दोन्ही एकत्र दिसले तर जाळे. नुसते एच३, मेलेल्या नलिकेलगत, तर नलिकेचे.

प्लेट आणि प्राणी यांच्या मधला टप्पा म्हणजे मूत्रपिंडाचे २०० ते ३०० मायक्रॉन जाडीचे ताजे काप, कार्बोजन (ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण) सोडलेल्या बफरमध्ये. त्यांत पेशींची मूळ मांडणी टिकते. पण हिस्टोन कापाच्या पृष्ठभागावरच अडकते, आत फारसे शिरत नाही. संपूर्ण कापाचा एटीपी (पेशीचे ऊर्जा-संयुग) मोजलात तर वरच्या थरातली इजा आतल्या निरोगी थरात बुडून जाते. काप आडवा कापून थरानुसार बघा, आणि मात्रेचा आलेख इथे नव्याने करा, प्लेटवरचा चालणार नाही.

उंदरांत शिरेतून दिलेल्या हिस्टोनची पहिली गाठ फुप्फुसाच्या केशिकांशी पडते. २००९ च्या कामात ७५ मिलिग्रॅम प्रति किलो ही मात्रा प्राणघातक ठरली होती. मूत्रपिंडाचा प्रश्न विचारताना फुप्फुसाने मेलेल्या प्राण्यांचे मूत्रपिंड तपासण्यात अर्थ नाही, आणि त्यात जीव वाया जातात. म्युनिकच्या गटाने म्हणूनच हिस्टोन थेट डाव्या मूत्रपिंडाच्या धमनीत सोडले. तिथे दुसरे मूत्रपिंड निरोगी असल्याने रक्तातले क्रिएटिनिन जवळपास हलणार नाही. इजा छेदातल्या मेलेल्या नलिकांवरून आणि केआयएम-१ या नलिका-इजेच्या खुणेवरून मोजा, उजव्या मूत्रपिंडाचा छेद त्याच स्लाइडवर ठेवून.